तोंड दाबणारा हात

‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. ज्याला मार बसतो आहे त्याला ओरडण्याचीही सोय नाही, असा त्याचा अर्थ. या वाक्प्रचारात दोन हात आहेत. एक हात मारतो आणि दुसरा तोंड दाबून धरतो. मारणारा हात कोणाचा, हे शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. दुसरा हात कोणाचा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचक-कुटुंबांपुढे ठेवणार आहोत, आणि तोही अशा विषयाच्या निमित्ताने, ज्याचे नाव काढताच आपल्या घरांतील बोलणे थांबते.

समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींना आज एलजीबीटी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःच्याच जोडीदाराकडून मारहाण, बळजबरी, धमक्या आणि लुबाडणूक सोसावी लागते. या छळातूनच एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांचा धोका वाढतो, आणि यातले काहीही त्यांना कोणापाशी बोलता येत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, बुक्क्या मारणारा हात जोडीदाराचा असला तरी तोंड दाबणारा हात कुटुंबाचा, शेजाराचा आणि धर्मग्रामाचा आहे. तो हात दूर झाल्यावाचून मारही थांबणार नाही आणि रोगही आटोक्यात येणार नाही.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. विवाहासंबंधीची ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे आणि तिची चिकित्सा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. येथे प्रश्न जखमी माणसाचा आहे. रस्त्याच्या कडेला पडलेल्या जखमीविषयी आपले कर्तव्य काय, याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दिलेले आहे आणि त्या उत्तराला कोठेही अपवाद जोडलेला नाही.

‘दोन पुरुषांमध्ये कसली आली मारहाण? ती तर बरोबरीची भांडणे!’ किंवा ‘बाई बाईला काय मारणार?’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. अमेरिकेतील न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को या ४ शहरांत २,८८१ समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मागील ५ वर्षांत जोडीदाराकडून मानसिक छळ सोसावा लागल्याचे त्यांपैकी ३४ टक्के पुरुषांनी, शारीरिक मारहाण झाल्याचे २२ टक्क्यांनी, तर लैंगिक बळजबरी झाल्याचे ५ टक्क्यांनी सांगितले. त्याच देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात केव्हातरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण भिन्नलिंगी स्त्रियांत ३५ टक्के, समलिंगी स्त्रियांत सुमारे ४४ टक्के आणि उभयलैंगिक स्त्रियांत ६१ टक्के आढळले. हे आकडे त्या देशाचे आहेत. त्यांतून आपण एवढेच घ्यायचे की, समान लिंगाच्या दोन व्यक्तींत छळ संभवत नाही ही समजूत साफ खोटी आहे. मारण्यासाठी मिशा लागत नाहीत आणि मार खाण्यासाठी बांगड्याही लागत नाहीत. एकाच्या मनात दुसऱ्यावर सत्ता गाजविण्याची लालसा असली आणि दुसऱ्याला जायला जागा नसली, की छळ सुरू होण्यास तेवढे पुरते.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ही संख्या लाजिरवाणी आहेच. पण निदान ती मोजली तरी गेली. नवऱ्याच्या हिंसेचा प्रश्न विवाहित स्त्रीला विचारला जातो. पुरुषासोबत राहणाऱ्या पुरुषासाठी किंवा स्त्रीसोबत राहणाऱ्या स्त्रीसाठी त्या प्रश्नात रकानाच नाही. ज्याला रकाना नाही त्याचा आकडा नसतो. आकडा नाही म्हणून जखमही नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

आता या छळाचा रोगाशी संबंध कसा येतो ते पाहू. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याला स्वतःच्या शरीराचे रक्षण करता येत नाही. बळजबरीच्या संबंधात शरीराला इजा होते आणि त्या इजेतून विषाणूला वाट मिळते. जोडीदार चाचणीला जाऊ देत नाही, स्वतःचा आजार दडवून ठेवतो, औषधांच्या गोळ्या फेकून देतो, आणि दवाखान्याचे कार्ड काढून घेऊन त्याच कार्डाची धमकी देतो. सततच्या धाकाने माणूस खचतो, दारू किंवा नशेकडे वळतो आणि पुढे स्वतःची काळजी घेण्याची इच्छाच गमावून बसतो. याविषयी निरनिराळ्या देशांत झालेल्या १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराच्या हिंसेला बळी पडलेल्या समलिंगी पुरुषांत असुरक्षित संबंध, नैराश्य, नशा आणि एचआयव्हीचा संसर्ग या चारही गोष्टींचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

भारत सरकारच्या अंदाजानुसार २०२१ साली देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. त्याच वर्षीच्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३.२६ टक्के, तर हिजडा व पारलिंगी व्यक्तींत ३.७८ टक्के आढळले. हे आकडे पाहताच ‘पाहा, पापाचे फळ!’ असे उद्गार काढणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, या देशातील बहुसंख्य संसर्ग स्त्री-पुरुष संबंधांतून झाले आहेत आणि हजारो निष्ठावंत पत्नींना हा आजार स्वतःच्या पतीकडून मिळाला आहे. त्यांनी कोणते पाप केले होते? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला हाच प्रश्न विचारला होता, की पाप याचे की याच्या आईबापाचे. प्रभूने तो हिशेब करण्याचे नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. विषाणू कोणाच्याही शीलाची चौकशी करीत नाही. जेथे भीती, गुप्तता आणि उशीर असतो तेथे तो फोफावतो.

आपल्या भाषेने या आजारांना नाव तरी काय दिले आहे? ‘गुप्तरोग’. या नावातच आज्ञा दडलेली आहे की, हा रोग गुप्त ठेवायचा असतो. वास्तविक उपदंश आणि परमा हे वेळेवर निदान झाल्यास औषधाने बरे होणारे आजार आहेत. ‘ब’ प्रकारच्या काविळीवर लस आहे. एचआयव्हीवरील औषधे शासकीय केंद्रांत २००४ सालापासून विनामूल्य मिळतात. नियमित औषधे घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली गेले आहे, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे युरोपातील ७८२ पुरुष-जोडप्यांच्या अभ्यासाने २०१९ साली दाखवून दिले. त्या सर्व जोडप्यांत जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घेतले, तर एचआयव्ही बहुधा टाळता येतो. परंतु यासाठी ७२ तासांच्या आत कोणाला तरी सांगावे लागते. ज्याचे तोंड दाबलेले आहे तो कोणाला सांगणार?

‘तुझ्या घरी सांगेन.’ या तीन शब्दांत छळ करणाऱ्याचे सारे सामर्थ्य साठवलेले आहे. नवऱ्याच्या हातची पत्नी मार खाते तेव्हा तिलाही लाज असते, भीती असते. परंतु आपण विवाहित आहोत हे तिला दडवावे लागत नाही. येथे मात्र नातेच दडवलेले असते आणि म्हणून नात्यातील जखमही दडवावी लागते. पगार हिसकावून घेणारा, मोबाईल तपासणारा, मध्यरात्री घराबाहेर काढणारा जोडीदार शेवटी याच वाक्यापाशी येतो आणि समोरचा गप्प होतो.

हे शस्त्र आजचे नाही. इंग्रज सरकारने १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ होते, हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथातील ३८८ व ३८९ ही कलमे मात्र फारशी कोणी वाचली नसतील. गंभीर गुन्ह्याच्या आरोपाची भीती घालून खंडणी उकळणाऱ्याला त्यांत शिक्षा सांगितली होती, आणि ती भीती ३७७ खालील आरोपाची असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवता येत होती. म्हणजे ज्या कायद्याने हे संबंध गुन्हा ठरवले, त्याच कायद्याच्या कर्त्यांना पक्के ठाऊक होते की, या आरोपाइतके धारदार हत्यार खंडणीखोराच्या हाती दुसरे नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले. त्या दिवशी ‘पोलिसांत सांगेन’ या धमकीची धार गेली. ‘घरी सांगेन’ या धमकीची धार मात्र तशीच राहिली; कारण ती न्यायालयाने लावलेली नव्हती आणि न्यायालयाला ती काढताही येत नाही. ती धार आपल्या उंबरठ्यावर लागते.

कायद्याने पुढे काय दिले, तेही पाहिले पाहिजे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पीडित म्हणून केवळ स्त्रीला ओळखतो. पुरुष जोडीदाराने मारलेल्या पुरुषाला त्या दारातून प्रवेश नाही. स्त्री जोडीदाराने छळलेल्या स्त्रीला आपले नाते ‘विवाहसदृश’ होते हे न्यायालयाला पटवून द्यावे लागेल, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्यानंतर हे पटवणे सोपे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ३७७ सारखे कलम नाही आणि बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या अत्याचारापुरतीच आहे. संमतीच्या संबंधांना सूट मिळाली हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर पुरुषावर पुरुषाने केलेल्या लैंगिक बळजबरीसाठी उरलेला एकमेव आधारही निघून गेला. पारलिंगी व्यक्तींवरील अत्याचारासाठी २०१९ च्या कायद्याने शिक्षा ठेवली ती ६ महिने ते २ वर्षे. अर्थात काहीच हाती नाही असे नव्हे. दुखापत, खंडणी आणि गुन्हेगारी धाकदपटशा ही न्याय संहितेची कलमे स्त्री-पुरुष असा भेद करीत नाहीत, आणि प्रतिष्ठेला धोका पोहोचविण्याची धमकीही धाकदपटशातच मोडते. परंतु पोलीस ठाण्याची पायरी चढायची तर पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते. ते ‘कोणीतरी’ कोण, हाच तर आमचा प्रश्न आहे.

दुसरी धमकी असते ती आजार उघड करण्याची: ‘तुझा रिपोर्ट साऱ्या गावाला दाखवीन.’ या धमकीत एवढी शक्ती कोठून आली, हे समजून घ्यायचे तर गोव्यातील एक घटना आठवावी लागेल. म्हापशाजवळील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे आपल्यासारख्याच एका कॅथोलिक घरातील तरुण. ते रक्तदान करीत असत. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना नेले आणि त्यांना एचआयव्हीची लागण झाली आहे एवढ्याच कारणावरून क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत पहाऱ्यात कोंडून ठेवले. ते ६४ दिवस तेथे होते. पुढे १९९२ साली त्यांनी रुग्णांच्या आधारासाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या हकीकतीत एक व्यक्ती विसरता येत नाही. ती म्हणजे त्यांची आई, लुसी डिसोझा. मुलाला आजार कसा झाला याची झडती घेत न बसता ही माउली सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. आजही कायद्याच्या पुस्तकांत तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो. आज २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, संमतीवाचून चाचणी करण्यास आणि विश्वासाने सांगितलेला आजार संमतीवाचून उघड करण्यास मनाई करतो. कायदा बदलला, तरी रुग्णाच्या घरचे पाणी न पिणारे शेजारी पुरते बदलले आहेत काय?

आता आपल्या आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ‘अशांना मदत करणे म्हणजे त्यांच्या वर्तनाला मान्यता देणे होय.’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी ख्रिस्तसभेचे दस्तऐवज उघडून पाहावेत. व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने १९८६ साली जगातील बिशपांना याच विषयावर पत्र लिहिले. पत्रावर सही होती कार्डिनल रॅट्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. पत्राचा सैद्धांतिक सूर कडक आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु त्याच पत्रात समलिंगी व्यक्तींवर शब्दाने वा कृतीने होणारी हिंसा निंद्य ठरवली आहे आणि ती जेथे घडेल तेथे मेंढपाळांनी तिचा धिक्कार करावा, असे बजावले आहे. जेथे घडेल तेथे! बंद दाराआडची खोली या शब्दांतून वगळलेली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने या व्यक्तींचा आदराने, अनुकंपेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा असे सांगितले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये ३७७ कलम पुन्हा ग्राह्य ठरले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, ख्रिस्तसभेने या व्यक्तींना कधीही गुन्हेगार मानलेले नाही, असे जाहीरपणे सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये हेच जगापुढे मांडले. आणि रोगप्रतिबंधाच्या साधनांचे नाव निघताच कानांवर हात ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखत-ग्रंथात पोप बेनेडिक्ट यांनी, संसर्ग टाळण्याच्या हेतूने निरोधाचा वापर करणे हे काही प्रसंगी नैतिक जबाबदारीच्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल असू शकते, असा विचार मांडला होता. सिद्धांताची मर्यादा सांभाळूनही माणसाचा जीव वाचविण्याचा विचार करता येतो, एवढे तरी त्यातून शिकता येईल.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य भाषेत येतो: ‘ते नातेच चुकीचे, मग ते सोडून दे म्हणावे, प्रश्न मिटला.’ ऐकायला हा सल्ला सरळ वाटतो. परंतु मार खाल्लेला तरुण मोठ्या धैर्याने कोणाकडे गेला आणि त्याने तोंड उघडताच त्याच्या जखमेऐवजी त्याच्या पापाची चर्चा सुरू झाली, तर तो पुन्हा तोंड उघडील काय? तो परत त्याच खोलीत जातो, कारण खोलीचे डिपॉझिट त्याच्या नावावर नसते, घरचे दार बंद झालेले असते आणि बाहेर रात्र असते. ‘सोडून दे’ म्हणणाऱ्याने ‘आणि आमच्याकडे ये’ हे पुढचे शब्द उच्चारले पाहिजेत. नाहीतर त्याच्या सल्ल्याला दमडीचे मोल नाही. त्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि उरलेला खर्च परत येताना भागवीन असा शब्द दिला. निवाऱ्याची सोय हा त्या दृष्टांताचाच भाग आहे.

तिसरा प्रकार आक्षेपाचा नाही, उपायाचा आहे. आणि तो सर्वांत घातक आहे. ‘लग्न लावून द्या, सारे ठीक होईल.’ किती घरांत हा उपाय योजला जातो! ज्याचे मन तिकडे वळत नाही अशा मुलाला वेदीपुढे उभे केले जाते आणि एका निरपराध मुलीचे आयुष्य त्याला औषध म्हणून दिले जाते. मुलगा जुने नाते चोरून चालू ठेवतो. तो जोडीदार छळणारा असेल तर ‘तुझ्या बायकोला सांगेन’ ही आणखी एक धमकी त्याच्या हाती येते आणि त्या घरातील न तपासलेला आजार पत्नीपर्यंत, कदाचित तिच्या बाळापर्यंत पोहोचतो. विवाह हा संस्कार आहे. तो उपचार नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार वधूवरांची संमती हाच विवाहाचा प्राण आहे, आणि बाहेरून आलेल्या बळजबरीमुळे अथवा गंभीर भीतीमुळे केलेला विवाह अवैध ठरतो. आईच्या आत्महत्येच्या धमकीने आणि बापाच्या काठीने मुलाला वेदीपर्यंत ओढून नेणारे लोक संस्काराचे रक्षण करीत नाहीत. ते संस्काराचीच विटंबना करतात. याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे ‘बरे’ करून देणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा बाबाबुवांकडे नेणे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली अशा तथाकथित उपचारांना वैद्यकीय गैरवर्तन ठरवले आहे. जो आजार नाही त्यावर औषध नसते. खरा आजार असतो त्याची चाचणी मात्र राहून जाते.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपले वाडवडील म्हणत. घराण्याची अब्रू राखण्यासाठी ही म्हण कामास येत असेल. पण येथे ती मूठ मारणाऱ्याची आहे. ती झाकून ठेवल्याने किंमत वाढते ती त्याच्या दहशतीची.

मग करायचे काय? आम्ही मोठमोठ्या योजना सुचवीत नाही. आपल्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, लहान ख्रिस्ती समूह आहेत, विवाहपूर्व तयारीची शिबिरे आहेत. पतीच्या मारझोडीविषयी तेथे आता निदान बोलले जाते. त्याच ओळीत हेही सांगितले जावे की, जोडीदार कोणीही असो, मारणे हा गुन्हा आहे आणि मार खाणाऱ्याने आधी सुरक्षित जागी यावे. धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०९७ हा एड्सविषयक शासकीय मदतवाहिनीचा क्रमांक लावायला बिशपांच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. आपल्यातील डॉक्टर, परिचारिका आणि धर्मभगिनी यांनी शासकीय चाचणी केंद्रापर्यंत सोबत जाण्याची तयारी दाखवावी. दोन स्त्रियांच्या नात्यात संसर्ग होतच नाही हा गैरसमज त्यांनीच दूर करावा, कारण त्या समजुतीपायी गर्भाशयमुखाची तपासणी टाळली जाते आणि कर्करोग उशिरा कळतो. कोणी विश्वासाने काही सांगितले, तर ते शेजारणीच्या, नातलगाच्या, प्रार्थनागटाच्या कानी ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनही जाता कामा नये. प्रार्थनेच्या नावाखाली फुटलेले गुपित हे फुटलेलेच गुपित असते, आणि ते छळ करणाऱ्याचे काम फुकटात करून टाकते.

आणि घराघरांतील आईवडिलांनी एक गोष्ट करावी. आपला मुलगा अथवा मुलगी कोण आहे, कोणावर प्रेम करते, याची उलटतपासणी न घेता, जेवताना किंवा संध्याकाळची रोजरी झाल्यावर, एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे: ‘बाळा, तुझ्याविषयी कोणी आम्हाला काहीही सांगितले, तरी या घराचे दार तुला बंद होणार नाही. कोणी तुला मारले, धमकावले, तर आधी आमच्याकडे ये. बाकीचे आपण नंतर बोलू.’ हे बोलण्यासाठी कोणताही सिद्धांत बदलावा लागत नाही आणि कोणतेही मत सोडावे लागत नाही. ज्या मुलाने हे शब्द आपल्या आईच्या तोंडून ऐकले आहेत, त्याला ‘तुझ्या घरी सांगेन’ असे कोणी म्हणाले, तर ‘खुशाल सांग’ असे उत्तर तो देऊ शकेल. मग तो पोलिसांकडे जाईल, ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाईल, गोळ्या वेळेवर घेईल आणि जगेल. ज्याने ते ऐकलेले नाही, तो आज रात्रीही कोठेतरी तोंड मिटून मार खात असेल, आणि त्याच्या तोंडावरचा हात कोणाचा आहे हे त्याला पुरते ठाऊक असेल.